आजोबांच्या श्राद्धाची नाशपती

"मला दारू चढते, पण सकाळी डोकं कधी दुखत नाही!" सासुरवाडीच्या ओसरीवर मांडी ठोकून ग्यूनाम म्हणाला, आणि त्याच घटकेला त्याच्या अब्रूचे दिवस भरले.

सासुरवाडी कोरियातल्या नाजू गावची. म्हणजे नाशपतीच्या बागांतच. सासरे प्यो तिथले पिढीजात बागाईतदार, तर ग्यूनाम सोलमधल्या एका विमा कचेरीतला नवाकोरा जावई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोच्या आजोबांचं श्राद्ध होतं, म्हणून दोघं आले होते. सासऱ्यांनी सोजूची, म्हणजे तिथल्या कडक दारूची, बाटली काढली तशी बायकोने, बोरामने, डोळे वटारले.

"अगं, आधी ग्लासभर नाशपतीचा रस घ्यायचा, मग कितीही प्या! ऑफिसात मी सगळ्यांना हेच शिकवतो."

घरच्या फळाची एवढी तारीफ! सासरे विरघळलेच. त्यांनी जावयाला आधी रस पाजला, मग सोजू पाजली, आणि तारीफ पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून आणखी सोजू पाजली.

सकाळी ग्यूनामने एक डोळा उघडला, तर छत होडीसारखं डुलत होतं. दुसरा उघडायची हिंमत झाली नाही. डोकं म्हणजे खडे घालून चालू केलेला मिक्सर!

"जावईबापू, मोड आलेल्या कडधान्याचं गरम सार करू का? उतारा म्हणून?" सासूबाईंनी विचारलं.

"छे हो आई! मला काय झालंय?" भिंतीला धरून तो म्हणाला.

थोड्या वेळाने सासूबाई आणि बोराम बाजारात गेल्या, सासरे छाटणीला बागेत गेले. घरात उरली फक्त बोरामची आजी. ती उबदार जमिनीवर मुटकुळं करून पेंगत होती. ग्यूनाम रांगतच स्वयंपाकघरात शिरला. मागच्या गार खोलीत, फळीवरच्या टोपलीत, पांढऱ्या कागदात गुंडाळलेली एक नाशपती होती. लहान मुलाच्या डोक्याएवढी!

'नाशपतीच्या घरात एक नाशपती कोण मोजतंय?' असं मनाशी म्हणून त्याने ती सालीसकट खाल्ली. रस कोपरापर्यंत ओघळला. आहाहा! मिक्सर बंद पडला. देठ-बिया उकिरड्यात टाकून तो जाऊन गाढ झोपला.

जाग आली ती सासूबाईंच्या किंकाळीने.

"श्राद्धाची नाशपती कुठे गेली?"

सगळे धावले. ग्यूनामही धावला, पण दारातच थिजला.

"दुसरी ठेवू ना आई," बोराम म्हणाली. "कोठारात पेट्याच्या पेट्या आहेत."

"पेट्यांचं काय घेऊन बसलीस?" सासरे खोल आवाजात म्हणाले. "आजोबांनी स्वतः कलम केलेलं झाड होतं ते. यंदाच्या वादळात आडवं झालं. एवढं एकच फळ हाती लागलं होतं."

ग्यूनामच्या पोटातली नाशपती दगड झाली.

"दिवसभर घरात तर आजीच होती," बोराम हळूच म्हणाली. पण आजीचे कान तिखट.

"मीच खाल्ली असेन गं," ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "हल्ली काही ध्यानात राहत नाही." मग एकदम तिचे डोळे भरले. "त्यांच्या पानातलं खाल्लं मी?"

"जावईबापू, तुम्ही होतात ना घरात? तुम्ही काही पाहिलंत का?" सासूबाई त्याच्याकडे वळल्या.

"मी... मला झोप लागली होती," ग्यूनाम म्हणाला. वाक्य खरं होतं. म्हणूनच ते जास्त टोचलं.

मग प्रकरण वाढतच गेलं. सासूबाईंनी सुऱ्या लपवल्या. सासऱ्यांनी शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरला फोन लावला. शेगडीपाशी पाणी तापवायला गेलेल्या आजीला बोरामने हाताला धरून परत आणून बसवलं. आजी तान्ह्या मुलासारखी गुपचूप बसली. आणि बोराम नवऱ्याजवळ येऊन म्हणते काय, "तू किती समजूतदार आहेस रे! आजीला एका शब्दानं बोलला नाहीस." ग्यूनामला वाटलं, त्या उकिरड्यातच जाऊन बसावं.

संध्याकाळी पानं मांडली गेली. रिवाजाप्रमाणे वरची चकती कापलेली एक परकी नाशपती पंगतीत बसली. सासरे फोटोपुढे गुडघे टेकून म्हणाले, "बाबा, रागावू नका. आईच्या हातून चूक झाली, तिला समजत नाही हो..." मागे आजी दुखऱ्या गुडघ्यांनी वाकत होती. शेजारी ग्यूनामने कपाळ जमिनीला टेकवलं. ते काही केल्या वर येईना.

"मी खाल्ली!" तो जमिनीलाच म्हणाला.

"काय?"

"नाशपती! सालीसकट!"

मग सासूबाई म्हणाल्या, "पण तुम्हाला तर काही झालं नव्हतं!"

"झालं होतं आई! मेलो होतो!"

"मग सार करू का म्हणून विचारलं तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

सासऱ्यांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा लाल झाला. बोराम त्याच्याकडे अशी बघत होती, जणू लग्नात कुणीतरी तिला भलतंच पार्सल दिलं होतं.

एवढ्यात आजी ताडकन उठली! "ऐकलंत ना? मी नाही खाल्ली! माझं डोकं शाबूत आहे! कर त्या डॉक्टरला फोन, सांग येत नाही म्हणून!" हसत हसत ती ग्यूनामजवळ आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून वर उचलला आणि मायेने म्हणाली, "खरं बोललास, गुणाचा आहेस हो. पण बाळा, तू कोण?"

या घरचा जावई, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायला ग्यूनामला तोंडच उरलं नव्हतं.