टोपडे घातलेली पऱ्हाटी

कपाशीच्या कळीला तान्ह्या मुलाचे टोपडे बांधणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे याकूब पिंजारी. राजुऱ्याकडच्या आमच्या गावात तो गाद्या भरतो. फुलाचा हंगाम आला की रोज संध्याकाळी तो माझ्या अंगणात येतो, उद्या उमलणारी कळी बोटांनी चाचपून ओळखतो, तिच्यावर टोपडे चढवतो आणि बंद बांधतो. अंगण माझे; पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, सहा झाडे त्याची. त्याच्या दाराशी झाड लावण्याजोगी माती नाही.

"गुरुजी, आज चार झाकल्या," एवढे सांगून तो जातो. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. हजेरी ऐकून घेण्याची मला सवय आहे.

नवे बियाणे गावात आले, त्या वर्षी विक्रेत्याने पारावर सभा घेतली.

"बीटी लावा. बोंडअळी मरते. मात्र दरवर्षी बीटी नवी घ्या."

याकूबने 'बेटी' ऐकले.

"काऊन? जुन्या बेटीले काय झालं?"

सभा हसली. विक्रेत्याने अक्षरे फोडून सांगितली. घरची सरकी पुन्हा पेरल्यास पीक तसे येत नाही, हेही सांगितले.

"मंग हे कायची बेटी? बेटी तं पुढं आई होते, भाऊ."

"चाचा, हे शास्त्र आहे."

"असन. पान खाऊन अळी मरते, तं सरकी खाऊन म्हैस?"

"म्हशीला काही होत नाही."

"म्हशीनं सांगतलं तुले?"

गावाने बीटी लावली. अळी कमी झाली, हे मी पाहिले. घरोघरची सरकीची मडकी रिकामी झाली, हेही पाहिले. जुन्या पऱ्हाटीची सरकी शेवटी याकूबच्याच घरी उरली. त्याची बायको जुबेदा ती माहेराहून पदरात बांधून घेऊन आली होती. जुबेदा गेली, सरकी राहिली. चहूकडच्या वावरांतून मधमाश्या येतात, एकीनेही परका पराग आणला तर वाण बाटेल, या धास्तीने टोपडी आली.

"लाखात एखादी वेळ तसे घडेल," असे कृषी सहायकाने त्याला समजावले.

"ते एखादी माह्याच घरी आली तं?"

कृषी सहायक सायकलवर बसून निघून गेला.

इतकी टोपडी याकूबकडे कुठून आली, हे मी कधी विचारले नव्हते. गेल्या वर्षी एक गळून पडले, ते मी उचलले. बारीक हातशिलाई, काठाला हिरवा दोरा. कापड जुने होते, पण घड्यांच्या रेषा तशाच होत्या. ते कोणाच्या डोक्यावर कधी बसले नव्हते.

"जुबेदानं शिवलं," तो म्हणाला. "दरखेपी नवं शिवे. घालाले कोणी राह्यलं नाई."

मी टोपडे त्याच्या हातात दिले.

"पेटीत पडून होते," तो म्हणाला. "आता कामी येऊन राह्यले."

यंदा त्याचे हात थरथरतात. बंदाची गाठ बसत नाही. म्हणून मी बांधतो आणि तो ओट्यावर बसून माझ्या कामातले दोष काढतो.

"ढिली बांधा, गुरुजी. लेकरू गुदमरते."

मी गाठ सोडतो आणि पुन्हा बांधतो.