खाटेखालच्या सौभाग्यवती

सांगलीचा गुणाकर बँकेच्या बदलीवर बालाघाटला आला तो परदेशी निघाल्यासारखाच. राजेगावचा पूल ओलांडून बस मध्य प्रदेशात शिरली, तेव्हा त्यानं खिडकीतून मागे बघत मायमुलखाला हात जोडले होते. (शेजारच्या माणसाला वाटलं देऊळ आलं, म्हणून त्यानंही जोडले.)

बालाघाटात त्याच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. दुर्गाबाईंच्या घरातली पुढची खोली भाड्यानं मिळाली. स्वयंपाकातलं त्याला एकच काम यायचं, ते म्हणजे भूक लागणं. नवी नवरी मीनाक्षी सांगलीलाच होती. "ओळख ना पाळख, त्या मुलखात मी राहू कशी?" असं म्हणून ती अडून बसली होती. शेवटी संक्रांत झाल्यावर येऊन बघायचं, करमलं तर राहायचं, नाहीतर परत, असं ठरलं. गुणाकरचा सगळा संसार त्या 'करमलं तर'वर लटकत होता.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या कमलाबाईंनी दारातून डबा आत सरकवला. "भाऊ, गोळाभात हाय. गरम गरम खाऊन घ्या, लाजू नका."

गुणाकर लाजला नाही. डबा घासला, पुसला, परत द्यायला उंबऱ्यापर्यंत गेला आणि थबकला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असं आईनं त्याला लहानपणापासून पढवलं होतं. घरात तर साखरही नव्हती. उद्या काहीतरी घालून देऊ, असं ठरवून त्यानं डबा खाटेखाली सारला. सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

कारण दुसऱ्या दिवशी समोरच्या लीलाबाईंकडून पाटोडीचा रस्सा आला. मग कोपऱ्यावरच्या अनुसयाबाईंचा वडाभात. गुणाकर खायचा, घासायचा आणि खाटेखाली सारायचा. एकदा त्यानं हिंमत करून भांड्यात घालण्यासाठी शिरा केला. तो कढईला असा धरून बसला की कढईसुद्धा खाटेखाली गेली.

तिकडे गल्लीत भांड्यांचा दुष्काळ पडला. पण परमुलखातल्या माणसाकडे भांडं परत मागायचं कसं? कोणी मागितलं नाही आणि कोणी पाठवायचंही थांबलं नाही. अनुसयाबाई तर शेवटी पळसाच्या पानांच्या द्रोणातून भाजी पाठवू लागल्या. काय ही साधी राहणी, असं वाटून गुणाकरला भरून आलं.

रविवारी दुपारी जेवून तो खाटेवर पडायचा. कौलांतल्या फटीतून उन्हाची तिरीप खाली उतरायची, खाटेखालच्या स्टीलवर पडायची आणि भिंतभर चांदण्या हलायच्या. पलीकडे कुणीतरी तांदूळ पाखडत असायचं. त्या आवाजात डोळे मिटता मिटता गुणाकरला वाटायचं, आपण कुणाचे कोण, आणि तरीही आपलं पोट भरलेलं आहे.

या सगळ्यात त्याच्या मनात घर केलं होतं ते जर्मनच्या एका वाडग्यानं. रोज सकाळी ओट्याच्या पायरीवर ते ठेवलेलं असायचं, आत दूधभात. हाक नाही, नाव नाही. पुढं पुढं त्यात साखरही येऊ लागली. तो खायचा, वाडगं धुऊन पायरीवर ठेवायचा (मालकिणीचा पत्ताच नसलेल्या भांड्याला आईचा नियम कसा लावणार?) आणि दिवसभर त्या निनावी माउलीचं स्वप्न रंगवायचा. कोण असेल ती? तिचा लेक दूर असेल का? गल्लीत त्याच्याशी वाकडं होतं ते एकट्या शेरूचं. दुर्गाबाईंचा हा कुत्रा सकाळी त्याला बघितलं की गुरगुरायचा. परक्याला कुत्रा ओळखतोच, असं म्हणून गुणाकरनं त्यालाही माफ केलं होतं.

संक्रांत झाली आणि मीनाक्षी आली. खोलीत ट्रंक टेकवायला जागा शोधताना तिनं खाटेवरची लोंबती चादर वर केली. आतून एक डबा काढला. मग दुसरा. मग पातेलं. प्रत्येकावर नाव कोरलेलं.

"ही सौ. कमला कोण?"

"शेजारची."

"सौ. लीलाबाई?"

"समोरची."

"आणि सौ. अनुसया?"

"कोपऱ्यावरची. अगं, फार प्रेमळ आहे."

मीनाक्षी ट्रंकेवर बसली. "परतीची बस कधी आहे?"

गुणाकरच्या पोटात गोळा आला (आणि हा गोळा भातातला नव्हता). त्यानं घाईघाईनं सगळं सांगितलं: आईची शिकवण, नसलेली साखर, शिऱ्याची कढई. मीनाक्षी ऐकत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसू लागली. "अहो, वाण्याकडे साखर मिळत नाही का इथं?"

हे त्याला खरोखरच सुचलं नव्हतं.

तिनं ट्रंकेतून भडंगाचा पत्र्याचा डबा काढला. नवऱ्यासाठी आणलेलं ते भडंग तिनं भांड्याभांड्यांतून भरलं आणि दोघं गल्लीत निघाले. दारोदारी तिला हळदीकुंकू मिळालं. "अव माय, सांगलीची सून आली!" म्हणत लीलाबाईंनी तिला पाटावर बसवलं. कमलाबाईंनी आपला डबा छातीशी धरला. "लय दिवसानं भेटला बापा," त्या डब्यालाच म्हणाल्या.

परत येताना पायरीवर ते वाडगं दिसलं. गुणाकरचा आवाज हळवा झाला. त्यानं मीनाक्षीला त्या निनावी माउलीची गोष्ट सांगितली. तिचेही डोळे ओले झाले. उरलेलं सगळं भडंग तिनं त्या वाडग्यात ओतलं, वर बेदाणे पेरले. तेवढ्यात दुर्गाबाई बाहेर आल्या.

"आजी, हे कुणाचं हो?" मीनाक्षीनं विचारलं.

"हे? हे त आमच्या शेरूचं होय."

गुणाकरनं नकळत तोंड पुसलं.

"त्याले रोज दूधभात ठेवो मी," दुर्गाबाई मायेनं सांगू लागल्या. "एक दिवस ह्यायनं उचलला. म्या म्हणलं, परमुलखातला माणूस, भूक लागली असन. बोलू काहून? मंग साखर टाकून ठेवत जाऊ लागली. शेरूले मंग मागच्या दारी पोळी देत होती."

मीनाक्षी पायरीवरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग दुर्गाबाईंचा हात धरून म्हणाली, "आजी, मी राहते इथं. ओळख ना पाळख, या मुलखात राहू कशी, असं वाटत होतं. पण ह्यांना माझ्यापेक्षा तुम्हीच बरं सांभाळलंत."

गुणाकरनं मोठ्या मनानं वाडगं शेरूपुढे सरकवलं. शेरूनं वाकून वास घेतला. गुणाकरकडे बघितलं. पुन्हा वास घेतला, आणि तोंड फिरवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही तेच. दूधभात घाला, पोळी घाला, शेरू त्या वाडग्यात तोंड घालीना. शेवटी आठवडी बाजारातून दुर्गाबाईंनी त्याच्यासाठी नवं वाडगं आणलं. जुनं त्यांनी भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेलं आणि संध्याकाळी गुणाकरच्या हातात दिलं.

"आता तुमचंच होय हे," त्या म्हणाल्या. "तो खात नाही तुमच्या उष्ट्यातलं."

वाडग्यावर सुबक अक्षरात कोरलं होतं: चि. गुणाकर.