आता खोललंच आहे तर

ताल्के हायेनच्या लहान लाल गाडीचा सायलेन्सर बारा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात खडखडू लागला. सायलेन्सर ज्या रबरी कडीला लटकतो, ती कडी झिजली होती. ती बदलायला वीस मिनिटं लागतात. ताल्केच्या नवऱ्याने, म्हणजे फोकोने, शनिवारी सकाळी गाडी गॅरेजमध्ये घेतली, जॅक लावला, खाली शिरला आणि तिथून म्हणाला, "आता खोललंच आहे तर अख्खा सायलेन्सरच बदलू."

मी हिन्रिक. समोरच्या घरात राहतो. त्या सकाळी मी माझा पाना परत मागायला गेलो होतो. फोकोचं बोलणं ऐकून मी "बदल की" म्हणालो. प्रामाणिकपणासाठी ही नोंद करून ठेवतो.

नवा सायलेन्सर शर्यतीच्या गाड्यांचा होता. त्याला जुनं इंजिन शोभेना. इंजिन भंगारवाल्याकडून आलं, एका बऱ्याच मोठ्या गाडीचं. मोठं इंजिन जुन्या ब्रेकना आवरेना. मोठे ब्रेक जुन्या चाकांत मावेनात. मोठी चाकं मडगार्डला घासू लागली. मडगार्ड रुंद केले तेव्हा गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर निघेना, म्हणून दार रुंद करायचं ठरलं आणि त्याची नगरपालिकेकडून परवानगी यायला दोन वर्षं गेली. प्रत्येक पायरीला फोको तेच वाक्य म्हणत होता, आणि प्रत्येक पायरीला ते अगदी बरोबर होतं.

कामाचा वेग कमी होता, त्यालाही कारणं होती. रविवारी आमच्याकडे आवाज करायचा नाही, असा नियम आहे. रोज दुपारी एक ते तीनही करायचा नाही. आठवडाभर फोको टपालखात्यात. उरला शनिवार. शनिवारी तीनला चहा, आणि चहा म्हटला की तीन कप. दोन कपांवर उठणारा माणूस आमच्या भागात उद्धट समजला जातो. हे सगळं वजा जाता आठवड्याला दीड तास उरत असे, आणि त्यातला अर्धा तास दहा नंबरचा पाना शोधण्यात जाई.

तोवर गॅरेजमध्ये जमणाऱ्यांची संख्या फोको धरून सातवर गेली होती. आमच्याकडे सात माणसं एका मताची भेटली की संस्था नोंदवता येते, आणि नोंदवता येते म्हटल्यावर कोण थांबणार? 'फोकोच्या गाडीचे मित्र' ही संस्था रीतसर अस्तित्वात आली. ओन्नो, आमचा निवृत्त बेकरीवाला, अध्यक्ष झाला. माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे आलं. वेगाची आवड जोपासणे हा संस्थेचा उद्देश. संस्थेची वार्षिक सहल आगगाडीने जात असे.

ताल्के सदस्य नव्हती. ती गाडीची मालकीण होती, त्यामुळे तिला निमंत्रित म्हणून बसता येई. ती नऊ किलोमीटरवरच्या डेअरीत कामाला होती आणि गाडी गॅरेजमध्ये गेल्यापासून सायकलने जात होती. दर वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत, अध्यक्षांच्या परवानगीने, ती एकच प्रश्न विचारी: गाडी कधी मिळेल? मी लिहीत असे, "प्रश्नाची नोंद घेण्यात आली. विषय पुढील सभेकडे."

सातव्या वर्षी ती डेअरीतून थेट सभेला आली. तिच्या बाह्यांतून पाणी गळत होतं.

"मला वेग नकोय, फोको," ती म्हणाली. "मला डोक्यावर छप्पर हवंय. आणि ते त्या गाडीला आधीपासून होतं."

ओन्नोने मौलिक सूचनेबद्दल तिचे आभार मानले. छपराचा विचार करायला तीन जणांची उपसमिती नेमली. उपसमितीला असं आढळलं की मूळ छप्पर फार जड आहे. पुढच्या शनिवारी ते कापून काढण्यात आलं. नवं हलकं छप्पर यायला चौदा महिने लागले.

वजनाचं फोकोने मनावरच घेतलं होतं. मागची सीट गेली, रेडिओ गेला, हीटर गेला. एकेक बोल्ट तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघे. वाढदिवसाला केक करायचा तर ताल्केला पीठ अंदाजाने घ्यावं लागे. मग छप्पर हलकं झाल्याने गाडीचा सांगाडा लवतो असं दिसलं, म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. गाडीचं एकूण वजन मूळ वजनाहून एकतीस किलोंनी वाढलं. पण ते योग्य ठिकाणी वाढलं, असं फोको म्हणाला, आणि आम्ही माना डोलावल्या.

खरा अडथळा वाहन निरीक्षक श्री. हाके यांचा होता. माणूस सभ्य, आवाज कधी चढणार नाही. प्रत्येक सुट्या भागाला मंजुरीचा कागद होता आणि प्रत्येक कागदावर तळाशी एक ओळ होती: उर्वरित गाडी मूळ स्थितीत असल्यास. हाके साहेबांनी चाकांचा कागद वाचला आणि विचारलं, "ब्रेक मूळचे आहेत?"

"नाहीत. त्यांचा वेगळा कागद आहे."

"बघू. हां, ब्रेक मंजूर आहेत. चाकं मूळची असली तर."

"पण हे ब्रेक मूळ चाकांत बसतच नाहीत, साहेब."

"ते कागदात विचारलेलं नाही," हाके साहेब म्हणाले. त्यांनी फोकोच्या कामाचं मनापासून कौतुक केलं, इतकं सुंदर काम नामंजूर करण्याची आपली पहिलीच वेळ असल्याचं सांगितलं आणि तीन कप चहा पिऊन गेले.

उपाय एकच होता: सगळ्या गाडीचा एकत्र अर्ज, जणू ती जगात प्रथमच बनते आहे. अर्जाला चार वर्षं लागली. फोकोने एकेक भागाची छायाचित्रं, वजनं, कंपनीची पत्रं जमवली. एवढ्या सगळ्यात एकाच भागाला कागद लागला नाही, कारण तेवढा एकच मूळचा उरला होता. ती सायलेन्सरची रबरी कडी. ती बदलली तर नवा कागद, म्हणून फोकोने ती पुसून, तेल लावून, पुन्हा तिथेच अडकवली.

यंदा मेमध्ये, एका शनिवारी सकाळी, हाके साहेब दोनशे बारा पानांचं प्रमाणपत्र घेऊन स्वतः आले. शेवटच्या पानावर अट होती. गाडी आहे तशी मंजूर. यापुढे एक स्क्रू जरी सैल केला तरी मंजुरी रद्द. फोकोने ते दोनदा वाचलं आणि तो जॅकवर बसला. अभिनंदन करायला पुढे झालेल्या ओन्नोने हात मागे घेतला. बारा वर्षांत फोकोचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

पहिली फेरी नोंदणीकृत मालकाने मारायची असा नियम होता, आणि गाडी ताल्केच्या नावावर होती. ती घरातून आली. हातात मोठी बॅग, काखेत टॉवेलात गुंडाळलेली तिच्या आईची गुलाबांच्या नक्षीची किटली, वर सोफ्याची उशी. बॅग आणि किटली डिकीत ठेवताच गाडीची मागची बाजू चार मिलिमीटर खाली बसली.

"अगं, बॅग कशाला?" फोको म्हणाला. "मागे वजन आलं की वळणावर गाडी फेकते."

ओन्नोने न्हाणीघरातला काटा मागवला. बॅग किटलीसह चौदा किलो तीनशे भरली. मी लिहून घेतलं. मागची सीट काढलेली असल्याने हे वजन मर्यादेत बसतं, असा निर्वाळा हाके साहेबांनी दिला. मात्र उशीपाशी ते अडले. नवी सीट फोकोच्या उंचीला पक्की केलेली होती आणि उशीचा उल्लेख दोनशे बारा पानांत कुठेच नव्हता.

"मग मी बारा वर्षांत वाढले असं लिहा," ताल्के म्हणाली.

हाके साहेबांनी विचार केला. मालकाच्या उंचीबाबत नियम नव्हता. त्यांनी मान हलवली.

ताल्के आत बसली, पट्टे आवळले आणि काच खाली केली. "फोको, तुला काही सांगायचंय का मला? आत्ता?"

फोकोने खरोखर विचार केला. "तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांच्या वर नेऊ नकोस," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि तिने चावी फिरवली.

इंजिन असं गरजलं की समोर माझ्या खिडक्या थरथरल्या. ओन्नोच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या गर्जनेखालून आम्हा सगळ्यांना एकदमच ऐकू आलं: खड, खड, खड.

गाडी बंधाऱ्याच्या रस्त्याने निघाली. आम्ही सात जण फुटपाथवर डोळे मिटून कान देऊन उभे राहिलो. ओन्नोच्या मते तो उष्णतारोधक पत्रा होता. माझा संशय इंजिन ज्यांवर बसतं त्या खुंट्यांवर होता. खोलता येणार नाही, एवढंच फोको स्वतःशी पुटपुटत होता. आवाज लहान होत गेला, स्टेशनच्या फाट्याशी चौथा गिअर पडलेला ऐकू आला आणि मग काही ऐकू येईना.

तीन वाजले तरी चर्चा चालूच होती. फोको चहा करायला आत गेला आणि दारात येऊन म्हणाला, "किटली सापडत नाहीये." पातेल्यात कर, असं आम्ही सुचवलं.

पुढच्या शनिवारी विशेष सभा झाली. विषय पहिला, आवाजाचं कारण: गाडी उपलब्ध नसल्याने निश्चित करता आलं नाही. विषय दुसरा: फोकोने पलीकडच्या गावात एक लहान निळी गाडी पाहिली आहे, तिचा सायलेन्सर थोडा वाजतो. एकमताने मंजूर. आयत्या वेळचे विषय: मांडायला कोणी नव्हतं. आजवर पहिल्यांदाच सभा वेळेत संपली. मला ते फार वाईट वाटलं, कारण तिच्या प्रश्नाची ओळ मी आधीच लिहून ठेवली होती आणि ती खोडावी लागली.

ताल्के परत आलेली नाही. गावातले लोक मला विचारतात, सात माणसं समोर उभी होती, एकालाही कसं कळलं नाही? मी त्यांना इतिवृत्त दाखवतो. बॅग त्यात आहे, वजनासकट. आईची किटली आहे. तिने काच खाली करून काय विचारलं तेही आहे. यातलं काहीही मी लपवलेलं नाही. तुम्हीही आत्ता ते सगळं वाचलंत, चार मिलिमीटरला हसलात आणि पुढे गेलात, कारण गाडी सुरू होते की नाही ते तुम्हाला बघायचं होतं. संस्थेत आठव्या सदस्याला जागा आहे. अर्ज माझ्याकडे मिळतील.