भाकर उलटायच्या आत

आमच्या गावचा नागनाथअप्पा कुणाला भेटला की रामराम घालत नाही. तुमच्या अंगावर जो पट्टा असेल त्याच्याखाली दोन बोटं घालतो. बोटं सरळ आत गेली तर "व्हय, बराबर." नाही गेली तर तुमचं काही खरं नाही. पोरांची दप्तरं, फवारणीचे पंप, बैलांचे गळपट्टे, सगळ्यांना एकच कायदा. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी पुढं होऊन त्यानं नवरदेवाच्या बाशिंगाच्या दोरीत बोटं घातली. "किती आवळलंय रे! लगीन करायलास का फाशी जायलास?" भटजी पुढचं मंगलाष्टक विसरले.

मी स्वतः पत्रकं काढते. उघड्या विहिरींना कठडे बांधा, ही माझी मागणी. एकदा औरादच्या बाजारात माईक घेऊन साहेब लोकांचे वाभाडे काढत होते, तर हा मागून आला आणि माझ्या झोळीच्या पट्ट्यात बोटं. "पत्रकबाई, सरकार मग पाड. आधी पट्टा ढिला कर, खांदा वाकडा व्हायलाय." सगळा बाजार हसला. सरकार वाचलं.

हे वेड आलं समुद्रातून. आमच्याकडं निम्म्या लोकांनी समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलाय. अप्पा मात्र तरुणपणी कारवारकडं जहाजांची बुडं घासणाऱ्या पाणबुड्यांच्या टोळीत होता. टोळी मोडली तेव्हा उस्तादानं त्याला आपला जुना संच दिला: हवेचं सिलिंडर, तोंडात धरायची नळी आणि ते पाठीला बांधायचं पट्ट्यांचं खोगीर. एवढं सगळं घेऊन हा पाणबुड्या उतरला कुठं, तर तुरीच्या रानात.

पण काम मिळालं. विहिरीत मोटार पडली, बोलवा अप्पाला. माणूस पडलं, बोलवा अप्पाला. साहेब लोक नाकाला रुमाल लावून काठावर उभे, फोटोत मात्र सगळ्यात पुढं, आणि पाण्यातून निघालेल्या म्हाताऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. यावर मी एक जळजळीत पत्रक काढलं. अप्पानं ते वाचलं, घडी घातली आणि कमरेच्या बकलाखाली सारलं. "कागद जाड हाय. टोचायचं थांबलं. अजून चार दे."

सिलिंडर भरून आणायला तो हैदराबादची बस धरतो. दर वेळी नवा कंडक्टर, दर वेळी तेच भांडण.

"गॅस नही चलता चाचा, उतरो."

"गॅस न्हाई रे, हवा हाय."

"हवा भरने हैदराबाद? इधर हवा नही क्या?"

अप्पाची बायको गोदाअक्का म्हणते, कंडक्टरचंच बरोबर आहे.

अक्काचा आणि त्या खोगिराचा जुना झगडा. सराव रोज सकाळी, चुलीपुढं. अक्का तव्यावर भाकर टाकते, वरून पाणी फिरवते, तिथून वेळ सुरू. ते पाणी सुकून भाकर उलटायच्या आत सगळे पट्टे चढले पाहिजेत. हा नियम अप्पाचाच. "बुडणाऱ्याकडं तेवढाच वेळ असतोय," म्हणतो. वर्षानुवर्षं तो जिंकत आला.

यंदा डावा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. अक्कानं त्याचाच नियम त्याच्यावर उलटवला. "आता ज्या दिशी भाकर आधी उलटली, त्या दिशी हे पेटीत, आन् चावी माझ्या कमरेला. साऱ्या गावाचे पट्टे बघायलाय, सोताचा खांदा बघाया कामून येत न्हाई?"

अप्पानं आठ दिवसांची मुदत मागितली आणि खोगीर उसवलं. डावा पट्टा चार बोटं लांब केला. फवारणी पंपाची जुनी नळी चिरून त्याच्यावर चढवली, म्हणजे पट्टा लोळत न पडता कमानीसारखा उभा राहील आणि हात खालूनच आत सरकेल. आखडलेला हात आधी, धडधाकट हात नंतर. सिलिंडर ओट्याच्या कडेला टेकवायचं, आपण खाली बसून पाठ लावायची. अंगात गेलं की मग पट्टे ओढायचे, आधी नाही. मला शेजारी बसवून तो हे सगळं समजावत होता, जणू मी उद्याच समुद्रात उतरणार.

आठव्या दिवशी सकाळी मी गेले, तर छातीवर एक जास्तीचा पट्टा दिसला. आतून मऊ हिरव्या लुगड्याचं अस्तर, बारीक टाके.

"हा कशाला, अप्पा?"

"वर आणताना माणूस बांधाया."

मी पडले तोंडाची फटकळ. "मेलेल्याला काय टोचणार?"

"त्याला न्हाई टोचत." अप्पा बकल पुसत राहिला. "मागं एका पोराला दोरानं वर काढलं. काखंत वळ उठले. त्याची माय रडली न्हाई, पोरी. नुसती ते वळ चोळत बसली. कामून एवढं आवळलं रे, म्हणली मला."

चुलीपुढची थापट थांबली होती. मग अक्कानं भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "लाग."

अप्पा खाली बसला. डावा हात कमानीत शिरला आणि कोपरापाशी अडकला. दातओठ खाऊन त्यानं खांदा रेटला. भाकरीवरचं पाणी सुकलं. भाकरीच्या कडा उठल्या.

"उलटली का गं?" मान न वळवता त्यानं विचारलं.

अक्काच्या हातात उलथनं तसंच होतं. ती भिंतीकडं बघत होती. "न्हाई अजून."

धूर निघाला. करपल्याचा वास ओट्यापर्यंत आला, तो अप्पाला येत नव्हता असं मी तरी म्हणणार नाही. डावा हात एकदाचा आत सरकला, मागोमाग उजवा. पट्टे ओढले. कमरेचं बकल खट्कन लागलं.

तेव्हा अक्कानं भाकर उलटली. तवा कुठला आणि भाकर कुठली, सांगता येईना.

ती उठली, अप्पाजवळ आली आणि पिठानं भरलेली दोन बोटं त्याच्या डाव्या पट्ट्याखाली घातली.

"टोचतंय का?"

"न्हाई," अप्पा म्हणाला.

बोटं तिनं लगेच काढली नाहीत.