एकतीस पिशव्यांचे बंद

चूक माझी आहे, ती आधी सांगून टाकतो. गेल्या दिवाळीत मी आमच्या गल्लीतल्या एकतीस कापडी पिशव्यांचे बंद पक्के शिवून आणले. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्या हौसेनं आणले. यात चूक कसली, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. ती कळायची तर आधी सर्जेनाना कळायला हवेत, आणि त्यासाठी आमच्या गल्लीत शिरायला हवं. तेच अवघड आहे.

रहिमतपुरातली आमची गल्ली जिथं सुरू होते तिथं नाना लोखंडी खुर्ची टाकून बसतात. अंगात बंडी, डोक्याला मफलर, मांडीवर कात्री. बाजारातून येणारा माणूस दिसला की बसल्या जागेवरून आरोळी येते.

"हॉल्ट! कापड का घुसखोर?"

घुसखोर म्हणजे प्लास्टिकची पिशवी. सापडली तर जागच्या जागी रिकामी करायची, त्यातला माल नानांनी दिलेल्या कापडी पिशवीत भरायचा आणि प्लास्टिक खुर्चीखालच्या डब्यात टाकायचं. या डब्याचं नाव 'कोठडी'. आतला माल महिन्यातून एकदा भंगारवाल्याला जातो. त्या दिवशी नाना म्हणतात, "आज कैद्यांची बदली हाय."

नाना फौजेत होते. आमच्या भागात हे सांगण्यासारखं नाही, घरटी कुणी ना कुणी फौजेत असतोच. पण बाकीचे रिटायर होऊन आले की लढाईच्या गोष्टी सांगतात. नाना बावीस वर्षं शिलाई मशीन चालवत होते. "बारडरवर हुतो की. पर माझ्याकडं बंदूक न्हाई, उषा-निशा कसलं तरी मशीन हुतं. गोळी एकबी झाडली न्हाई, बटनं मात्र लय लावली." मग आवाज खाली आणून, "एकदा एका लय मोठ्या सायबाच्या इजारीचं बटन परेडच्या आधी दोन मिंटं तुटलं. कुनी लावलं? मी. त्या दोन मिंटात देशाची इज्जत माझ्या सुईवर हुती, गड्या." ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली आहे. साहेबाचा हुद्दा दर वेळी एकेक पायरी वर चढतो. आता चढायला जागा उरलेली नाही.

तर नाना पिशव्या शिवतात. त्यासाठी कापड कुठून आणायचं, हा प्रश्न आमच्या भागात कुणाला पडणार नाही. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, बाप्याला टोपी-टॉवेल आणि बाईला ब्लाउजपीस दिल्याशिवाय पाहुणा निरोप घेत नाही. तो टॉवेल पाणी टिपत नाही. ती टोपी कुठल्याच डोक्याला बसत नाही. दोन्ही नीट घडी घालून कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. आमच्या घरातून गेलेली टोपी सहा वर्षांनी शाईच्या त्याच डागासकट आमच्याकडे परत आलेली मी स्वतः पाहिली आहे. नानांनी हे सगळं गल्लीभर फिरून गोळा केलं. टॉवेलाची भाजीची पिशवी. ब्लाउजपीसची डाळ-तांदळाची. आणि तीन टोप्या एकत्र जोडून डझनभर अंड्यांची! प्रत्येक पिशवीवर लाल दोऱ्यानं घराचा नंबर.

गेल्या वर्षी शेजारच्या शिंद्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांच्या हातात पेढ्यांची चकचकीत प्लास्टिकची पिशवी.

"हॉल्ट! कापड का घुसखोर?"

"आवं, आमी पाहुणं हाय. शिंद्यांकडं आलोय."

"घुसखोर बी पाहुनाच म्हनून येतो," नाना म्हणाले आणि पेढ्यांचा खोका बाहेर काढून टोप्यांच्या पिशवीत बसवला. वरबाप तीन टोप्या छातीशी धरून शिंद्यांच्या दारात उभे राहिले. शिंदेकाकूंना वाटलं, ही यांच्याकडची काहीतरी रीत असेल. त्यांनी टोप्यांनाही हळदकुंकू लावलं. लग्न जमलं. श्रेय अर्थातच नाना घेतात.

मटणाला जाताना ते दोन स्टीलचे डबे दोरीनं गळ्यात अडकवतात. त्या आवाजावरून रविवार आहे हे गल्लीला कळतं. औषधाच्या दुकानात त्यांनी एकदा साखरेच्या गोळ्या सुट्या मागितल्या, पाकीट नको म्हणाले. दुकानदारानं हात जोडले. शेवटी नानांनी ते पाकीट घेतलं, घरी आणलं, गोळ्या बाटलीत काढल्या आणि रिकामं पाकीट स्वतःच कोठडीत टाकून स्वतःलाच दम दिला: "परत असं दिसलं तर रिपोर्ट करीन."

आता या सगळ्यात मी कुठं? मी दूध डेअरीत कारकून आहे. आमची डेअरी रोज दूध भरते ते प्लास्टिकच्या पिशव्यांत. म्हणजे माझ्या घरची चूल ज्यावर चालते, तोच नानांचा शत्रू. मला याची फार टोचणी आहे. ओढ्याच्या पुलावरून जाताना खाली काटेरी झुडपाला आमच्या डेअरीची निळी पिशवी लटकलेली दिसली की मी मान वळवतो. मी त्यातलं दूध प्यायलो नसेन, पण तिची नोंद माझ्या अक्षरात आहे. नाना मला कधी बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "दिलीप, तू दुश्मनाच्या गोटात नोकरीला हायस. पर आपला मानूस आत असलेला बरा." तेव्हापासून मी ठरवलं, नानांच्या कामाला आपण हातभार लावायचा. इथूनच घोटाळा सुरू झाला.

कारण नानांच्या पिशव्यांत एक दोष होता. त्यांचे बंद तुटायचे.

महिन्या-दीड महिन्यानं, हमखास. माझा भर बाजारात तुटला. दोन किलो टोमॅटो उताराला लागले आणि एका उभ्या टेंपोखाली जाऊन थांबले. मी पोटावर झोपून ते काढत होतो आणि आमच्या डेअरीचे मॅनेजर वरून विचारत होते, "काय दिलीपराव, काय हरवलं?"

तुटला बंद घेऊन नानांकडे गेलं की ते खूश व्हायचे. "बस, दोन मिंटाचं काम हाय." मग सुई सापडायची नाही. सापडली की चष्मा नसायचा. चष्मा मिळाला तरी सुईत दोरा जायचा नाही. "ववून दे रं, तुझी नजर चांगली." तोवर चहा चढलेला. चहाबरोबर ते बटन आणि तो साहेब. दोन मिनिटांना तास लागायचा. बाहेर पडताना आत येणारं कुणीतरी दारात भेटायचं, हातात बंद तुटलेली पिशवी.

गल्लीत चेष्टा व्हायची. "फौजेतला टेलर आणि शिलाई अशी? म्हणून तर साहेबाचं बटन तुटलं." मीही हसलो आहे. पण माझ्या मनानं घेतलं की असे बंद तुटत राहिले तर एक दिवस लोक वैतागून पुन्हा प्लास्टिक उचलतील आणि नानांची सगळी मेहनत पाण्यात जाईल. त्यांना तोंडावर सांगावं तर त्यांचं मन दुखेल. मग आपणच गुपचूप काहीतरी करावं. माझ्यासारख्या सरळ माणसाच्या हातून मोठ्या चुका अशाच होतात.

दिवाळीला बायको, सुनंदा, आईकडे वडूजला गेली. मला रान मोकळं मिळालं. "धुऊन आणतो" अशी थाप मारून मी घराघरांतून पिशव्या गोळा केल्या आणि सांगलीला मेहुण्याकडे गेलो. मेहुणा हळदीच्या गोदामात आहे. तिथं पोत्यांची तोंडं शिवायचं मशीन असतं. पाच मण हळद पेलणारी टीप! हमालानं एकेका बंदावर दोन-दोन वेळा मशीन फिरवलं. अर्ध्या तासात एकतीस पिशव्या तयार. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता ह्यात म्हस घाला." परतीच्या एसटीत माझ्या मांडीवर हळदीच्या वासाचं गाठोडं होतं आणि चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

त्यानंतर गल्लीत एकही बंद तुटला नाही.

पहिले काही दिवस नाना खुर्चीवर होतेच. "हॉल्ट" चालू होतं. पण लोक बाहेरच्या बाहेर कापडी पिशवी दाखवून पुढं जायचे. थांबायचं कारणच नव्हतं. मी जाता-येता नानांच्या उघड्या दारातून बघायचो. स्टोव्हवर पातेलं, शेजारी दोन कप उपडे, उशाला सुईदोऱ्याचा डबा. मला वाटलं, किती आराम मिळाला बिचाऱ्यांना.

मग एक दिवस खुर्ची दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एक माणूस केळी भरलेली काळी प्लास्टिकची पिशवी हलवत सरळ गल्लीत शिरला, त्याला कुणी हटकलं नाही. मलाच कसंतरी झालं. मी नानांकडे गेलो.

"तब्येत बरी नाही का, नाना?"

"बरी हाय की. पिशवी बघू तुझी."

मी दिली. त्यांनी बंदाच्या शिवणीतून दोऱ्याचं एक टोक ओढून तोडलं आणि काडी ओढून त्याला लावली. सुती दोरा असता तर जळून राख झाला असता. हा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा मणी झाला. नानांनी तो चिमटीत धरून माझ्यापुढं केला.

"घुसखोर," ते म्हणाले. ओरडले नाहीत. मग शिवणीवरून बोट फिरवलं. "टीप मात्र झ्याक हाय. सरळ हाय. कुनी घातली रं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

हे खोटं मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो. नाना "बरं" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही.

सुनंदा वडूजहून आली. मी तिला सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचं सोडून, कारण ते सांगायला अजून धीर नव्हता. मला वाटलं ती म्हणेल, चांगलं केलंत. ती हातातलं पातेलं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"सगळ्यांचे?"

"एकतीसच्या एकतीस."

"अहो, बावीस वर्षं फौजेचे तंबू शिवलेल्या माणसाला भाजीच्या पिशवीचा बंद शिवता येत नाही होय?"

मी खुंटीवरची पिशवी काढून तिचा बंद बघायला लागलो.

"माझ्या आईला त्यांनी पिशवी दिली होती, आठवतं? चार वर्षं झाली. आई त्यात शेंगा भरते, दळण नेते. एक टाका हललेला नाही. का? तर वडूजहून दुरुस्तीला कोण येणार? गल्लीतल्या पिशव्यांना ते कच्चे टाके घालतात आणि शेवटी गाठच मारत नाहीत. सगळ्या बायकांना ठाऊक आहे."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं? नानांची बायको गेल्यापासून त्या घरात कोण जातं? पोरगी पुण्यात. बंद तुटला की माणूस जातं, घटकाभर बसतं. शिंदेकाकू तर कधीकधी स्वतःच ओढून तोडतात." ती थांबली. "नाना तुमच्यावर भारी खूश असतात. म्हणतात, दिलीप बटनाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो."

दुसऱ्या दिवशी डेअरीत माझं लक्ष लागलं नाही. निळ्या पिशव्यांचे ढीग समोरून जात होते आणि पहिल्यांदाच मला त्यांची टोचणी नव्हती. दुसरीच होती. संध्याकाळी घरी आलो आणि दाढीच्या पात्यानं माझ्या पिशवीचा बंद कापायला बसलो. हळदीच्या गोदामाची टीप, सहज सुटेना. बोट कापून घेतलं. बंद निघाल्यावर पिशवी घेऊन गेलो.

नाना अंधारल्या खोलीत खाटेवर बसले होते. मी दिवा लावला.

"नाना, बंद तुटला."

त्यांनी पिशवी उजेडात धरली. कडेवरून अंगठा फिरवला.

"हा तुटला न्हाई. पात्यानं कापलाय."

"होय. मीच कापला." मी कापलेलं बोट दाखवलं. "आणि ती टीपही मीच घालून आणली, सांगलीहून. सगळ्यांच्या पिशव्यांना."

"मग परवा माहीत न्हाई म्हनलास?"

"खोटं बोललो. नाना, चुकलं माझं."

नानांनी सुईदोऱ्याचा डबा पुढं ओढला. सुई पहिल्या झटक्यात सापडली. चष्मा डोळ्यांवरच होता. तरी त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढं धरला. मी माझ्या कापलेल्या बोटानं तो ओवून दिला. त्यांनी बंद जागेवर बसवला आणि शिवायला लागले. काय हात चालत होता! बारीक, एकसारखे, दाबून बसवलेले टाके, पुन्हा त्याच वाटेनं उलटे. वडूजच्या पिशवीला घातले असतील तसे. कडेला पोचल्यावर त्यांनी दोरा बोटाभोवती गुंडाळला.

मी त्यांचा हात धरला.

"गाठ नका मारू, नाना," मी म्हणालो.