चालत्या गिअरबॉक्सची शस्त्रक्रिया

वस्तू बंद पडली की ती जिंकली आणि आपण हरलो, असं आगाऊरावांचं ठाम मत होतं. आपण आजवर कुठल्याही वस्तूकडून हरलेलो नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. त्यांच्या लाँड्रीतल्या यंत्रांचे पट्टे तुटायच्या आत बदललेले असत. उडालेला बल्ब त्यांच्या मुलीने पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन सासरी गेल्यावर. एक दाढ तर त्यांनी दुखायच्या आधीच काढून घेतली होती. दंतवैद्य नको नको म्हणत होता, पण यांनी त्याला अर्धा तास समजावलं आणि शेवटी तोच कंटाळून चिमटा घेऊन उठला.

सगळं आगाऊ करतात म्हणून लोक त्यांना आगाऊराव म्हणत. नाव पाडणाऱ्याच्या मनात त्या शब्दाचा दुसराही अर्थ होता, पण यांनी पहिलाच धरला आणि ते नाव पदवीसारखं मिरवलं.

लाँड्रीचं मोठं काम म्हणजे इस्पितळाच्या चादरी आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे झगे. रोज सकाळी सातच्या आत ते पोचायलाच हवेत, नाहीतर टेबलावरचा रोगी ताटकळणार. व्हॅन चालवायची त्यांची बायको. तिच्या डाव्या गुडघ्याला क्लच दाबणं सोसत नसे, म्हणून आपोआप गिअर बदलणारी व्हॅन घेतलेली. आगाऊराव शेजारी बसून कान देऊन गाडी ऐकायचे. बायको रस्ता बघायची आणि हे इंजिनकडे कान लावून, डोळे मिटून बसलेले. पाहणाऱ्याला वाटावं, गाण्याच्या मैफिलीला निघालेत.

त्या व्हॅनचे चार लाख किलोमीटर पुरे झाले आणि आगाऊरावांची झोप उडाली. इंजिनाचं त्यांना काही वाटत नव्हतं, पण गिअरबॉक्स पहिल्या दिवसापासूनचा होता. त्यात दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरात जाताना गाडी उचकी लागल्यासारखी हलते, असं त्यांना जाणवू लागलं. बायकोला काही जाणवत नव्हतं. तिने मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला धरून बसायला सांगितलं, सांडलं तर मानीन म्हणाली. पाणी सांडलं. पण ते खड्ड्यामुळे की उचकीमुळे, यावर दोन दिवस वाद चालला.

शेवटी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे नाक्यावरचा मेकॅनिक. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतो म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. त्याने एक फेरी मारली, तेलाची काडी काढून हुंगली, आणि म्हणाला की तेल काळं पडलंय खरं, पण एवढ्या जुन्या गिअरबॉक्सला चालतोय तोवर बोट लावू नये. तेल बदललं तरी बिघडतात असले. वरून चांगलं चालणारं मशीन उतरवून बाजूला ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

आगाऊरावांचं समाधान झालं नाही. ते गावाबाहेरच्या जुन्या सुट्या भागांच्या आवारात गेले. तिथे त्यांच्या व्हॅनच्याच जातीची एक व्हॅन उभी होती. अपघातात पुढचा भाग चेपलेला, पण गिअरबॉक्स शाबूत. आवारवाला म्हणाला की हा खोलून, आतल्या प्लेटा नव्या घालून तयार करून देतो. पण लवकर सांगा, दुसराही एकजण मागतोय.

आता पेच असा, की अदलाबदल करायला दोन दिवस लागणार. दोन दिवस व्हॅन नाही म्हणजे चादरी नाहीत. आणि न बदलावा, तर एखाद्या सकाळी तो भररस्त्यात बसला की आठवडा गेला. मेहुण्याकडे दोन व्हॅन होत्या, अगदी याच जातीच्या. त्याची बेकरी होती, पाव पोचवायला लागत. पण मेहुण्याशी दीड वर्ष बोलणं नव्हतं. एकदा जेवताना तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ताई, जपून राहा, भावजी मुदत संपायच्या आत तुलाही बदलतील." सगळे हसले. बायकोही हसली, हे आगाऊरावांना जास्त लागलं. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांची खुशाली तिच्या तोंडून घेत होती.

तीन रात्री जागून काढलेले आगाऊराव चौथ्या सकाळी इस्पितळाच्या चादरींच्या खोलीत गाठोडी उतरवत होते. तिथल्या मेट्रनबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि बरं नाही का म्हणून विचारलं.

"काय सांगू," आगाऊराव गाठोड्यावर बसत म्हणाले, "आतून काम संपत आलंय. चाललंय तोवर चाललंय. भररस्त्यात कधी बसेल, नेम नाही."

मेट्रनबाईंनी हातातली यादी खाली ठेवली. डॉक्टरांना दाखवलंत का, असं हळू आवाजात विचारलं.

"दाखवलं. ते म्हणतात, हात लावू नका. पण मी दुसरीकडे चौकशी केली. एका अपघातातला मिळतोय, अगदी शाबूत. लगेच हो म्हणायला हवं, मागणारे बरेच आहेत."

मेट्रनबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांनी पाणी पुढे केलं. आगाऊरावांना इच्छा नव्हती, ते नको म्हणाले. कुठला अवयव, हे विचारणं बाईंना बरं वाटलं नाही, पण पाणी नको म्हणाले यावरून त्या काय ते समजल्या. दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांवर ठरलं होतं, लाँड्रीवाल्यांची किडनी गेली. चारपर्यंत दोन्ही गेल्या. पाचला ही बातमी खालच्या उपाहारगृहात पोचली, आणि तिथे संध्याकाळचा पाव उतरवत मेहुणा उभा होता.

मेहुणा पावाचे ट्रे तिथेच टाकून मेट्रनबाईंकडे धावला. खरं आहे का, विचारलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या पाऊण तासात त्याने इस्पितळातच रक्त दिलं, लघवी दिली, पोटाचा फोटो काढून घेतला, आणि सगळं ठीक असल्याचा कागद खिशात घालून बहिणीच्या दारात उभा राहिला. दीड वर्षाने.

आगाऊरावांनी दार उघडलं. मेहुण्याचे डोळे लाल होते.

"भावजी," तो म्हणाला, "मला सगळं कळलंय. माझ्याकडे दोन आहेत. एक तुमची."

आगाऊराव ज्याच्याकडे तोंड उघडायला लाजत होते, तो स्वतः चालत आला होता. त्यांनी त्याला हाताला धरून आत बसवलं आणि म्हणाले की मला दोन दिवसांपुरती मिळाली तरी पुष्कळ आहे.

"दोन दिवसांनी परत कशी घेऊ?" मेहुणा म्हणाला. "कायमची घ्या. माझं एकीवर भागेल. पुष्कळांचं भागतं."

"पण तुझा धंदा?"

"आठ-दहा दिवस विश्रांती घेईन. मग पहिल्यासारखा."

एवढं मोठं मन आगाऊरावांनी त्याचं कधी ओळखलंच नव्हतं. तरी स्वभाव कुठे जातो? त्यांनी दोन्ही चांगल्या आहेत ना, म्हणून विचारलं. मेहुण्याने खिशातला कागद काढून गुडघ्यावर सरळ केला आणि आजच तपासून आणल्याचं सांगितलं. हे ऐकून आगाऊरावांना भरून आलं. गाडी देण्याआधी तपासून आणणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

मेहुण्याच्या दोन व्हॅन बेकरीच्या फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या असत. आगाऊरावांनी मनातल्या मनात दोन्ही डोळ्यांपुढे आणल्या.

"उजवी दे," ते म्हणाले. "डावी कायम उन्हात असते."

मेहुणा त्यांच्याकडे बघत राहिला. आजार डोक्यापर्यंत पोचला, असं त्याला वाटलं. समजुतीच्या सुरात तो म्हणाला की कुठली घ्यायची ते डॉक्टर ठरवतील.

"डॉक्टरांना कशाला मध्ये घेतोस? ते काढायलाच नको म्हणतात." आगाऊरावांना आता एक भन्नाट कल्पना सुचली होती. कायमचीच देतोय, तर आवारवाल्याची तरी गरज काय? हिचा गिअरबॉक्स काढून आपल्या व्हॅनला बसवला की काम फत्ते. "आपणच काढू. इथे अंगणात. माझ्याकडे जॅक आहे, साखळी आहे, लोंबकळत धरायला कप्पी आहे. उजेड आहे तोवर तू खाली आडवा झालास तर..."

मेहुणा पांढराफटक पडला. तरी तो उठून पळाला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्याने फक्त शर्ट पोटाशी घट्ट धरला आणि एवढंच विचारलं, "भूल कोण देणार?"

इस्त्रीच्या टेबलापाशी झगे घडी करत बायको हे सगळं ऐकत होती. तिने इस्त्री उभी केली, दारात आली आणि भावाला विचारलं, "तू काय द्यायला आलायस?"

"किडनी," मेहुणा म्हणाला.

"आणि अहो, तुम्ही काय घेताय?"

"व्हॅन," आगाऊराव म्हणाले.

मग बायको जी हसायला लागली ती भिंतीला टेकून खालीच बसली. मेहुण्याला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. आगाऊराव मात्र हसले नाहीत. ते उठून मेहुण्याजवळ गेले, त्याच्या हातातून तो चुरगळलेला कागद घेतला आणि पूर्ण वाचला. मग म्हणाले, "तू अंगणातसुद्धा झोपला असतास?"

"विचार करत होतो," मेहुणा म्हणाला.

दीड वर्षाचं भांडण तिथे मिटलं. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने उजवी व्हॅन लाँड्रीच्या दारात आणून लावली आणि चादरी पावाच्या वासासकट वेळेवर पोचल्या. दोन दिवसांत आवारवाल्याचा गिअरबॉक्स आला, आणि डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून जुना खाली उतरवला. आगाऊरावांनी तो तिथेच खोलायला लावला. शेजारचा टायरवाला आला, चांभार आला, मेहुणा बेकरी बंद करून आला.

झाकण निघालं. तळाला लोखंडाचा चुरा गाळासारखा बसलेला होता. डॉक्टरांनी आतल्या प्लेटा एकेक करून बाहेर काढल्या. त्यातली तिसऱ्या गिअरची प्लेट घासून इतकी पातळ झाली होती, की त्यांनी ती उजेडाकडे धरली, पुसली, पुन्हा धरली.

"किती दिवस चालला असता?" आगाऊरावांनी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

डॉक्टरांनी प्लेट खाली ठेवली. "परवापर्यंत," ते म्हणाले. "चढ नसता तर."

आगाऊरावांनी ती प्लेट मागून घेतली, सगळ्यांना हातात घेऊन बघायला दिली, आणि जो बघेल त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बायकोने ती शेवटी घेतली. उचकी होती, असं ती मोठ्याने म्हणाली. लग्नानंतर इतक्या मोठ्याने तिने त्यांचं काही मान्य केलं नव्हतं. घरी जाताना नवा गिअरबॉक्स इतका गुळगुळीत चालला, की दुसरा कधी संपला नि तिसरा कधी सुरू झाला हे त्यांच्या कानांनाही कळलं नाही.

तिसऱ्या सकाळी ते स्वतःच्या व्हॅनमधून, छाती पुढे काढून, इस्पितळात गेले. मेट्रनबाई धावत आल्या. इतक्या लवकर कामावर कसे, म्हणून रागावल्या. आगाऊरावांनी त्यांना गिअरबॉक्सची सगळी हकीकत सांगितली, प्लेटसुद्धा दाखवली. बाईंचे डोळे पाणावले. दुःख लपवायला माणूस काय काय रचतो, असं त्या शेजारच्या नर्सला म्हणाल्या. मग त्यांनी दोन वॉर्डबॉय बोलावून सगळी गाठोडी उतरवून घेतली आणि आगाऊरावांना खुर्चीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा खरं सांगून पाहिलं. बाईंनी खुर्चीवर उशी ठेवली. तिसऱ्या दिवशीही ते सांगणार होते.

पण खरं सांगायचं तर, ती गाठोडी फार जड असतात.