मावशी नेमकी कुणाची?

“शनिवारच्या व्याख्यानात त्या बाईचा निबंध चारीमुंड्या चीत केला नाही, तर तळटिपा लिहिणं सोडून देईन!” टीपकागदानं जाहीर केलं.

ऐकायला फक्त बायको होती, आणि तीही दात घासत होती.

टीपकागद हा चित्रसंग्रहालयाच्या दस्तऐवज विभागातला अभ्यासक. दिसेल तो मजकूर टिपून घ्यायचा, म्हणून हे नाव. शिकाऊ मंडळींना तो नेहमी बजावायचा, “कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची पाठ बघा! खरं काय ते मागच्या बाजूला असतं!” विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती आणि अठरा वर्षांच्या नोकरीनंतर ती आपलीच, असं त्यानं गृहीत धरलं होतं. मधे कडमडली अस्सलताई.

अस्सलताई तीन वर्षांपूर्वी आलेली. दर दोन वाक्यांनंतर “हे अस्सल साधन आहे” म्हणायची. संग्रहालयातलं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे ‘मावशी’. खुर्चीत बसलेली एक म्हातारी. चित्रकार जाऊन ऐंशी वर्षं झाली. ही म्हातारी चित्रकाराच्या आईची सख्खी बहीण, हे ताईनं घरगुती पत्रांवरून सिद्ध केलं आणि टाळ्या घेतल्या.

टीपकागदानं तो निबंध अकरा वेळा वाचला. त्यातल्या दहा वेळा फक्त स्वतःचं नाव शोधायला. चौसष्ट तळटिपा! कँटीनवाल्याचेही आभार होते, ‘वेळेवरच्या चहासाठी’! याचं नाव कुठेच नाही. त्या दिवसापासून त्याला चहा कडू लागायला लागला.

बायको त्याच इमारतीत, तळमजल्यावर, जुनी चित्रं दुरुस्त करायची. ‘मावशी’ सध्या तिच्याच टेबलावर होती. पण तिच्याशी बोलायला याला फुरसत कुठली? मत्सर हे पूर्णवेळ काम आहे.

आणि बुधवारी घबाड सापडलं! वाचनखोलीत, चित्रकाराच्या कागदपत्रांच्या पेटीवर, एक तपकिरी वही. यादीत नोंदच नाही! म्हणजे ताईनंही पाहिलेली नाही! टीपकागदानं ती छातीशी धरली आणि पहिल्याच पानावर त्याचे डोळे चमकले.

‘आज मावशी आल्या नाहीत. फरशी तशीच. चित्र अडलं.’

फरशी! म्हणजे ही मावशी नात्यातली नव्हेच! केर काढणारी! ताईची अख्खी मावशी एका वाक्यात झाडून निघाली!

शनिवारी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत संग्रहालयाचे मोठे साहेब, शेजारी अस्सलताई. टीपकागद नव्या कोटात.

“आपल्याला आजवर एक खोटी मावशी दाखवली गेली!” त्यानं तोफ डागली. फरशीचं वाक्य वाचलं. सभागृहात कुजबुज झाली. ताईचा चेहरा पडला. टीपकागदाला अठरा वर्षांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण थांबेल तो टीपकागद कसला!

“या वहीतून चित्रकाराचं खासगी दुःखही उलगडतं. ऐका! ‘घरी सांगून उपयोग नाही. भिंतीशी बोलल्यासारखं.’ म्हणजे त्याची बायको किती निर्दयी, निगरगट्ट, स्वार्थी असेल!”

“अरेरे,” साहेब म्हणाले.

“म्हणून तो दुसरीकडे गुंतला. पुढच्या पानावर तिची आद्याक्षरं आहेत! ‘ए. सी. पुन्हा बंद. जीव गुदमरतोय.’ ही ए. सी. कोण? तिनं येणं बंद का केलं?”

सभागृहातल्या दीडशे माणसांनी एकदमच छताकडे पाहिलं. तिथे यंत्र घरघरत होतं.

“चित्रकार गेले तेव्हा,” अस्सलताई हळूच म्हणाली, “ए. सी. होता का हो आपल्याकडे?”

“होती!” टीपकागद गरजला. “आणि तिच्यावर त्याचं प्रेम होतं!”

“अहो,” शेवटच्या रांगेतून आवाज आला.

टीपकागदाला हा ‘अहो’ ओळखीचा वाटला.

“अहो, ती माझी वही आहे. वाचनखोलीत ‘मावशी’चा जुना फोटो बघायला आले होते, तेव्हा राहिली. मंगळवारपासून शोधतेय. फ्रिजवर चिठ्ठी लावली होती की!”

अस्सलताईनं पुढे होऊन वही उचलली आणि शांतपणे उलटी केली. पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : चित्रदुरुस्ती विभाग, तळमजला. खाली बायकोचं पूर्ण नाव. त्यात नवऱ्याचंही होतं.

“म्हणजे,” साहेब विचारात पडले, “भिंत कोण?”

सगळे नुसते टीपकागदाकडे बघत राहिले.

खुर्ची ताईला मिळाली. तिच्या निबंधाच्या नव्या आवृत्तीत तळटीप पासष्ट आली : ‘साधनाच्या चुकीच्या वाचनाचा नमुना’, आणि पुढे टीपकागदाचं नाव. शुद्धलेखनासकट बरोबर! त्यानं ते पान तिघांना दाखवलं. मग आपण काय दाखवतोय ते लक्षात आलं.

संध्याकाळी त्यानं घरी पहिल्यांदाच फ्रिजकडे नीट पाहिलं. ताजी चिठ्ठी होती : ‘बटाटे आणा. (अस्सल साधन. लेखिका हयात.)’

त्यानं ती दोनदा वाचली, मुकाट्यानं पिशवी उचलली आणि पाच किलो बटाटे आणले.

‘अर्धा किलो’ हे चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं होतं.